तार एकाची, वीज दुसऱ्याची. मग डीपी कोणाची?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

वीज (सुधारणा) विधेयकाच्या मसुद्यावरील कालचा अग्रलेख वाचला. एकाच भागात दोन-तीन वितरण कंपन्यांना त्याच तारा वापरू दिल्या की ग्राहकाचा फायदा होईल, असे आपण लिहिले आणि मुंबईचा दाखला दिला. 2009 पासून मुंबईच्या उपनगरांत रिलायन्सच्या तारांवरून टाटांची वीज घेता येऊ लागली, हे खरे आहे. पण तिथे एकेका इमारतीत ढीगभर मीटर आणि केबल जमिनीखाली. आमच्या शिवारात पोल वाकलेले, तारा ज्वारीला टेकायला आलेल्या आणि पंप लांब लांब विखुरलेले. इथे वीज विकायला दुसरी कंपनी कशाला येईल?

आणि आलीच तर काय? गेल्या रब्बीत आमची डीपी, म्हणजे शिवारातले रोहित्र (ट्रान्सफॉर्मर), जळाली. हरभऱ्याला घाटे लागले होते, गव्हाला पाणी हवे होते. वायरमन म्हणाला, ऑनलाइन तक्रार टाका. टाकली. कार्यालयाने ठेकेदाराकडे बोट दाखवले. ठेकेदार म्हणाला, ऑइल आलेले नाही. शेवटी आम्ही शेतकऱ्यांनीच वर्गणी काढली, जळालेली डीपी साखळी लावून ट्रॉलीत चढवली, तालुक्याला नेली आणि दुरुस्त केलेली घेऊन आलो. भाडे आमचे, हमाली आमची. ग्रामीण भागात नादुरुस्त रोहित्र 48 तासांत बदलावे, असे वीज नियामक आयोगाचे मानक आहे. आमची डीपी येईतोवर गहू पिवळा पडला होता. भरपाईच्या अर्जाची साधी पोचही कोणी दिली नाही.

एकच कंपनी असताना ही गत. उद्या तार एकाची आणि वीज दुसऱ्याची झाली तर आम्ही कोणाच्या दारात उभे राहायचे? अग्रलेखात याचे उत्तर नाही. 2022 चे विधेयक याच सामायिक तारांवरून विरोध होऊन संसदेच्या स्थायी समितीकडे गेले होते, त्याचाही उल्लेख नाही.

कारखाने, रेल्वे आणि मेट्रो यांच्यावरचा क्रॉस सबसिडीचा, म्हणजे इतरांची वीज स्वस्त ठेवण्यासाठी त्यांच्याकडून घेतल्या जाणाऱ्या जादा दराचा, भार पाच वर्षांत काढायचा, असेही मसुद्यात आहे. शेतीची वीज स्वस्त राहते ती बरीचशी याच पैशातून. तो आटला की राज्याने तिजोरीतून द्यायचे. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांचे बिल आज राज्य सरकार भरते आहे. उद्या अनुदान थकले तर जोडणी आमचीच तुटणार. वीज समवर्ती सूचीत आहे, म्हणजे तिच्यावर केंद्र आणि राज्य दोघेही कायदा करू शकतात, तेव्हा राज्यातल्या खासदारांनी संसदेत हे विचारलेच पाहिजे. तार ज्याची, डीपी बदलण्याची जबाबदारीही त्याची, आणि उशीर झाला तर भरपाई अर्जाविना बिलातून वळती, एवढे कायद्यात स्पष्ट लिहून घ्यावे.

ता. क. : घरचे मीटर धडधडीत चालू असताना बिलावर महिनोन्महिने सरासरी युनिट छापून येतात. मीटरचा फोटो दाखवला तरी ‘पुढच्या बिलात बघू’ एवढेच ऐकायला मिळते. आपल्या जिल्हा पानावर यावर एकदा तरी बातमी यावी, ही विनंती.

आपला,
एक शेतकरी वाचक, मराठवाडा