‘नहीं देखा’ असं लिहायला काय हरकत आहे?

मा. संपादक,

स. न. वि. वि.

गेल्या रविवारी आपण हिमालयातल्या पुरांवर पानभर मजकूर छापला. त्यात ‘ढगफुटी’ हा शब्द मी मोजला, अकरा वेळा आला. मोजायची ही खोड जुनी आहे. चोवीस वर्षं फौजेत काढली आणि त्यातले दोन हिवाळे द्रासच्या वरच्या अंगाला एका चौकीवर बर्फाची वही लिहिण्यात गेले. म्हणून हे पत्र.

उत्तराखंडातल्या धरालीचंच घ्या. 5 ऑगस्ट 2025 च्या दुपारी खीरगंगा या ओढ्यातून दगड-चिखलाचा लोंढा आला आणि बघता बघता बाजारपेठ गाडली गेली. महाराष्ट्रातलेही कितीतरी यात्रेकरू तेव्हा गंगोत्रीच्या रस्त्यावर अडकले होते, त्यामुळे आपल्याकडे बातमी मोठी झाली आणि संध्याकाळपर्यंत ‘ढगफुटी’ ठरूनही गेली. हवामान खात्याच्या लेखी ढगफुटी म्हणजे 20-30 चौरस किलोमीटरच्या टापूत तासाभरात 100 मिलिमीटर पाऊस. जवळच्या हर्षिल आणि भटवाडीच्या केंद्रांवर त्या दिवशी त्याच्या जवळपासही पाऊस नोंदला गेला नव्हता. मग वर झाला असेल? असेलही. पण त्या ओढ्याच्या उगमाकडे, हिमनद्यांच्या पट्ट्यात, पर्जन्यमापकच नव्हता.

आमच्या कोरेगावच्या शेतकऱ्याला हे समजावून सांगावं लागणार नाही. पीकविम्याच्या वेळी दरवर्षी हाच तंटा असतो, यंत्र महसूल मंडळाच्या गावी आणि पाऊस आमच्या शिवारात. आमच्याकडे दोन्हींत फार तर पाच-सात किलोमीटर सपाटी. तिथे दरीतलं यंत्र आणि वरचा उगम यांच्यामध्ये दोन-अडीच हजार मीटरची उभी चढण. शिवाय वर पडतो तो पाऊस की बर्फ, हे निराळंच. साधं पर्जन्यमापक बर्फापुढे कुचकामी ठरतं. वाऱ्यावर भुरभुरणारं बर्फ भांड्याच्या तोंडावरून निघून जातं.

7 फेब्रुवारी 2021 ला उत्तराखंडातल्याच चमोलीत पूर आला तेव्हा आभाळ निरभ्र होतं, म्हणून ढगफुटी म्हणायची सोय नव्हती. तेव्हा कुणी ‘हिमकडा कोसळला’ लिहिलं, कुणी ‘हिमनदी फुटली’. हिमनदी काही फुगा नव्हे फुटायला. पुढे अभ्यास झाला तेव्हा कळलं की रोंती शिखराच्या उत्तर अंगाचा कडाच सुटून आला होता, सुमारे 2 कोटी 70 लाख घनमीटर. त्यात चार हिस्से खडक आणि एक हिस्सा बर्फ. घासून, आपटून त्या बर्फाचं पाणी झालं आणि ऋषिगंगेच्या, तपोवनच्या वीजप्रकल्पांवर दोनशेहून अधिक माणसं गेली. भेगांमधलं बर्फ खडकाला सिमेंटसारखं धरून ठेवतं. ते आतून सैल होत होतं का? त्या कड्यात तापमापकच नव्हता, तर सांगणार कोण?

पत्रकारांना बोल लावतोय असं वाटू नये, म्हणून माझीही गोष्ट सांगतो. हे पाप मीही केलेलं आहे.

आमच्या चौकीवरचं काम तसं सोपं होतं. सकाळी साडेआठ आणि संध्याकाळी साडेपाच, दोनदा बाहेर जायचं. लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा एक खांब रोवलेला होता, त्यावरून जमलेलं एकूण बर्फ वाचायचं. खांबाच्या जवळ जायचं नाही. पाय पडला की बर्फ दबतं आणि आकडा बिघडतो, म्हणून लांबून दुर्बिणीनं वाचायचं. बाजूला एक पांढरी फळी. तिच्यावर पडलेलं ताजं बर्फ पट्टीनं मोजायचं, फळी पुसायची, पुन्हा वर ठेवायची. मग तापमान, वारा, ढग आणि सगळं वायरलेसवर खाली सांगायचं. अधूनमधून खड्डा खणून थर बघायचे. वर भुसभुशीत, मध्ये कडक पापुद्रा, आणि कधी कधी तळाशी साखरेसारखं रवाळ बर्फ. ते रवाळ सापडलं की उस्तादांचा चेहरा बदलायचा. वरचा सगळा थर त्या साखरेवरूनच घसरतो. (मराठीत आपण पडलेल्या बर्फालाही बर्फच म्हणतो आणि सरबतातल्यालाही बर्फच. तिथे एका खड्ड्यात चार तऱ्हा दिसायच्या.)

जानेवारीतली एक सकाळ. रात्रभर वादळ होतं आणि बुखारीपासून (शेगडीपासून) उठवेना. आदल्या संध्याकाळी खांबावर 186 सेंटिमीटर होतं. मी आत बसूनच लिहिलं, ताजं 12, एकूण 195. ताजं बर्फ पडलं की खालचं दबतं, तेव्हा बेरीज थोडी कमी दाखवावी, एवढी अक्कल चोरी करतानाही होती. नऊ-दहाच्या सुमारास आभाळ उघडलं. संध्याकाळची पाळी दुसऱ्या जवानाची. त्यानं वाचलं 248.

सुभेदारसाहेबांनी वही मागवली. उघड्या आभाळातून नऊ तासांत 53 सेंटिमीटर बर्फ कुठून आलं, एवढंच विचारलं. दुसऱ्या दिवशी पहाटे रसद आणायला आठ जण खालच्या चौकीकडे निघणार होते, एवढं ताजं बर्फ वाटेवर कोसळेल म्हणून त्यांना थांबवलं. माझ्यावर ओरडले नाहीत. माझी ओळ मलाच खोडायला लावली आणि म्हणाले, “नहीं देखा, तो नहीं देखा लिखो.” ते लिहिलं. त्या वाटेवरच्या उताराचं बर्फ पुढे आठवडाभर सुटून खाली आलं नाही, हे खरं. पण त्या आठांपैकी एक जण अजून दर दिवाळीला मला फोन करतो, आणि 195 ची गोष्ट मी त्याला आजवर सांगितलेली नाही.

हिमनदीचं मोजणंही फार वेगळं नाही. हिमाचलच्या लाहौलमधली छोटा शिग्री ही हिमनदी 2002 पासून दरवर्षी मोजली जाते. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठाची मंडळी चंद्रा नदी ओलांडून तिथे जातात. वाफेच्या ड्रिलनं भोकं पाडून बर्फात बांबू रोवतात आणि उन्हाळा सरला की काठी किती उघडी पडली ते पाहतात. वरच्या भागात खड्डा खणून किती साठलं ते तोलतात. जमा आणि खर्च, वाण्याच्या वहीसारखं. शिल्लक बहुतेक वर्षी उणेच निघते. सरासरी काढली तर सगळ्या हिमनदीवरून दरवर्षी अर्ध्या मीटरच्या आसपास पाण्याचा थर कमी होतो. भारतीय हिमालयात भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या यादीप्रमाणे 9,575 हिमनद्या आहेत. छोटा शिग्रीसारखी सलग वही असलेल्या त्यात बोटांवर मोजाव्या लागतील.

उपग्रहाला मी नावं ठेवत नाही. जिथे माणूस पोहोचत नाही तिथलं तो दाखवतो. पण बर्फ किती जाड आणि किती पसरलं हे कळलं म्हणून पाणी किती, हे कळत नाही. फूटभर ताजं बर्फ वितळवलं तर जेमतेम इंचभर पाणी होतं, तेच हिवाळाभर दबलेलं असेल तर चार-पाच इंच. त्यासाठी कुणीतरी नळी खुपसून वजन करावंच लागतं.

आणि जमीन? तिची तर वहीच नाही म्हणायची. सावलीच्या उतारावर मोर्चा (म्हणजे खंदक) खणताना भर ऑगस्टमध्ये तीन-चार फुटांखाली कुदळ ठणकायची. दगड नव्हे, गोठलेली माती. ढेकूळ हातात घेतलं तर आत काचेसारखं चकाकायचं आणि तासाभरानं त्याचा चिखल व्हायचा. सलग दोन वर्षं शून्य अंशावर किंवा त्याखाली राहते ती कायम गोठलेली जमीन, अशी शास्त्रातली व्याख्या आहे. ती वरून दिसत नाही. खोल भोक पाडून त्यात तापमापक सोडावे लागतात. स्वित्झर्लंडमध्ये मुर्तेल इथे 1987 मध्ये असं 58 मीटर खोल भोक पाडलं आणि तेव्हापासूनचं वाचन त्यांच्याकडे आहे.

ही जमीन सुटते तेव्हा काय होतं ते सिक्कीमनं पाहिलं. हिमनदीच्या पाण्याचा दक्षिण ल्होनाक तलाव 3 ऑक्टोबर 2023 च्या रात्री फुटला, चुंगथांगचं 1200 मेगावॉटच्या प्रकल्पाचं धरण घेऊन गेला आणि खाली लष्कराचे वीसहून अधिक जवान वाहून गेले. (आधी बातमी आली तेव्हा तीही ‘ढगफुटी’च होती, आठवत असेल.) तलाव धोक्याचा आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं. 2016 मध्ये पाइप टाकून त्यातलं पाणी काढूनही पाहिलं होतं. सगळ्यांची नजर पाण्यावर. नंतरच्या अभ्यासात निघालं ते असं की तलावाच्या काठावरचा गोठलेला ढिगारा, सुमारे दीड कोटी घनमीटर, पाण्यात घसरला आणि त्या लाटेनं बांध फोडला. काही आठवडे आधीच तिथे कॅमेरा आणि हवामान यंत्र बसवलं होतं. वीज तुटल्यानं एक यंत्र थोड्याच दिवसांत मुकं झालं, असंही तेव्हा छापून आलं होतं.

मोजलं की सगळं वाचतं असं मी म्हणत नाही. 28 मे 2025 ला स्वित्झर्लंडमध्ये बिर्च हिमनदी कोसळून ब्लाटेन गाव गाडलं गेलं, गाव काही वाचलं नाही. पण वरच्या डोंगराची हालचाल रोज मोजली जात होती, म्हणून तीनशे माणसं नऊ दिवस आधीच गुराढोरांसकट बाहेर काढली होती. गेला तो एक माणूस.

आपल्याकडे काही होत नाही असंही नाही. बर्फाचा कण न पडणाऱ्या गोव्यातली, वास्कोची ध्रुवीय आणि महासागर संशोधनाची राष्ट्रीय संस्था 2016 पासून लाहौल-स्पितीत साडेतेरा हजार फुटांवर ‘हिमांश’ नावाचं केंद्र चालवते. याची बातमी मराठी वर्तमानपत्रात मी तरी क्वचितच वाचली. धोक्याच्या हिमतलावांसाठी केंद्रानं चार राज्यांना मिळून 150 कोटींचा कार्यक्रम मंजूर केला आहे. आनंद आहे. माझी शंका फौजी आहे. तिसऱ्या हिवाळ्यात बॅटरी बदलायला वर कोण जाणार? सौर पाटीवरचं बर्फ कोण झटकणार? दिल्लीहून माणूस जाऊन ते होणार नाही. वरच्या गावांतली पोरं आहेत, फौजेतून उतरलेले डोग्रा-गढवाली आहेत, त्यांना महिन्याला ठरलेलं मानधन देऊन वही हातात द्यावी. दिवसाला दोन वेळा बाहेर जाण्याचं काम आहे, त्याला पदवी लागत नाही.

आपल्याकडे मागणं एकच. पावसाळ्यात कोयनेचा साठा आपण टीएमसीत, दशांशासकट, रोज छापता आणि सातारकर तो चहाबरोबर वाचतो. हिमालयातल्या आपत्तीची बातमी देताना तशीच एक ओळ घाला. सर्वांत जवळचं यंत्र कुठे होतं, किती उंचीवर होतं, त्यानं काय दाखवलं. यंत्र नसेल तर ‘मोजलेले नाही’ असं छापा. मथळ्यात कारण मागाहून येऊ द्या.

आपला,
एक निवृत्त हवालदार,
ता. कोरेगाव, जि. सातारा

ता. क. : त्या पानावर ‘गंगोत्री हिमनदी’ म्हणून जो फोटो आहे, त्यात निळाशार बर्फाचा कडा समुद्रात पडताना दिसतो. गोमुखाला मी सौभाग्यवतींना घेऊन चालत गेलो होतो, गंगोत्रीपासून 18 किलोमीटर. तिथे समुद्र नाही. हिमनदी काळपट आहे, अंगावर दगडमातीचा थर आहे, आणि जवळ जाईपर्यंत आमच्या मंडळींना ती हिमनदी आहे हेच पटत नव्हतं.