मिश्रीने काळवंडलेली बत्तिशी यंत्राला ओळखता येईल का?

प्रति,
माननीय आरोग्यमंत्री, कर्नाटक राज्य,
विधानसौध, बेंगळुरू

महोदय,

निपाणी तंबाखूचं गाव. इथल्या आणि खानापूर भागातल्या खेड्यांत बायका अजूनही सकाळी चुलीपुढे बसून मिश्री लावतात. तव्यावर तंबाखू काळी होईस्तोवर भाजायची, चुरायची, बोटाने हिरड्यांवर घासायची आणि तोंड मिटून भाकऱ्या थापत राहायचं. गुटख्यावर राज्यात 2013 पासून बंदी आहे. मिश्रीचं कुणाला काही वाटतच नाही. दाढ दुखली की लवंग, फारच ठणकली तर बेळगाव.

आता संगणक एक्स-रेवर किडीभोवती चौकट आखून देतो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 2022 मध्ये पर्ल कंपनीच्या अशा प्रणालीला मंजुरी दिली. चांगलंच आहे. पण पडद्यावर चौकट दिसली की पेशंट गप्प होतो आणि रूट कॅनॉलला मान डोलावतो. यंत्र शंका दाखवतं, निदान डॉक्टरने करायचं, एवढं तरी लोकांपर्यंत पोचवा.

आमची निकड मात्र वेगळी आहे. गालाच्या आत पुसून न जाणारा पांढरा चट्टा, सुपारीने आखडलेला, तीन बोटंही न मावणारा जबडा: कॅन्सरच्या आधीच्या या खुणा. चट्टा फोनच्या फोटोतही टिपता येतो, आणि असे फोटो चाळून संशयित वेगळे काढणं कृत्रिम बुद्धिमत्तेला जमू लागलंय. हे काम आशाताईंकडून करून घेता येईल. खानापूर तालुक्यातल्या कणकुंबीच्या बाईला राज्याच्या शक्ती योजनेमुळे बस फुकट आहे हो, पण बेळगावला गेलं की दिवसाची मजुरी बुडते त्याचं काय?

यंत्र शिकतं ते दाखवलेल्या फोटोंवरून. मिश्रीची तोंडं त्यात नसतील तर ते डागाला रोग म्हणेल आणि रोगाला डाग. बेळगावात दंत महाविद्यालयं आहेत. आधी तिथल्या डॉक्टरांकडून इथल्याच रुग्णांवर पडताळणी करून घ्या.

आणि फोटो काढण्याआधी विचारा. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात संमतीची सूचना राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषेत मिळण्याची तरतूद आहे, मराठी त्यात आहे. न वाचता येणाऱ्या कन्नड फॉर्मवर अंगठा घेऊन मोकळं होऊ नये. (सीमाप्रश्न मी यात आणत नाही, त्याला इथे पुष्कळ जण आहेत.)

दंतभाग्य योजनेतून कवळी मिळते, ती दात गेल्यावर. त्याआधीची ही तपासणी निपाणी आणि खानापूर तालुक्यांत सुरू करावी, आणि फोटोत शंका निघाली तर दंतवैद्याची तारीख आशाताईंनी त्याच भेटीत हातात द्यावी, ही विनंती.

आपला,
एक निपाणीकर