पाककृतींत तेलाचे माप छापा

महोदय,

चाळिशी-पन्नाशीत वजन उतरवायला घेतलेल्यांचा काटा चार-पाच महिन्यांनी एका आकड्यावर अडतो. मग ‘या वयात चयापचयच मंदावतो’ असे म्हणून काही जण प्रयत्न सोडतात, काही रात्रीचे जेवण बंद करतात. आरोग्य पुरवण्यांतही हे वाक्य सर्रास छापले जाते, आणि ते चुकीचे आहे. २०२१ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात २९ देशांतील ६,४०० हून अधिक लोकांच्या ऊर्जाखर्चाची मोजमापे प्रसिद्ध झाली. शरीराचा आकार आणि चरबी वगळता उरणारे वजन हिशेबात धरले, तर विशीपासून साठीपर्यंत हा खर्च जवळजवळ स्थिर राहतो. रजोनिवृत्तीच्या सुमारासही त्यात वेगळी घसरण दिसली नाही.

मग अडते कुठे? समजा, ४८ वर्षांच्या एका बाईंचे वजन ७४ किलो, दिवसाचा खर्च १,८५० कॅलरी आणि खाणे १,५०० कॅलरींचे आहे. ३५० च्या तुटीवर साडेचार-पाच महिन्यांत ६ किलो उतरतात. पण उतरलेल्या प्रत्येक किलोमागे रोजचा खर्चही साधारण २० ते ३० कॅलरींनी घटतो. म्हणजे दीडशे गेल्या, तूट उरली दोनशेची. त्यातच भूक वाढलेली असते. वजन घटल्यावर शरीर ती वाढवतेच, त्यात मनाचा दुबळेपणा शोधू नये. सुरुवातीची काटेकोर मापे सैल होतात आणि फोडणीत दोन चमचे जास्त तेल, भाजीवर दोन चमचे दाण्याचे कूट आणि साखरेचा एक जादा चहा एवढ्यात त्या दोनशे कॅलरी भरून निघतात. पोळ्या मात्र आधीइतक्याच असतात, त्यामुळे ‘मी काहीच वाढवले नाही’ हे सांगणे प्रामाणिकच असते.

यातली सर्वांत मोठी गळती तेलाची. चौघांच्या घरात महिन्याला ४ लिटर तेल लागत असेल, तर माणशी रोज ३३ मिलिलिटर, म्हणजे सुमारे २७५ कॅलरी झाल्या. बाहेरचे खाणे वेगळे. पळीने तेल घालताना हे कळत नाही. माणशी रोज ४ चहाचे चमचे, म्हणजे २० मिलिलिटर धरून आठवड्याचे ५६० मिलिलिटर तेल रविवारी वेगळ्या बाटलीत काढून ठेवावे आणि आठवडा त्यातच भागवावा. कोणाच्याही ताटातला घास न काढता माणशी शंभरावर कॅलरी वाचतात. उपवासाचेही तसेच. ७५ ग्रॅम साबुदाणा, ३० ग्रॅम कूट आणि २ चमचे तूप घातलेली खिचडीची एक बशी ५०० कॅलरींपुढे जाते. त्यातला साबुदाणा जवळजवळ निव्वळ स्टार्च असल्याने चार तासांत पुन्हा भूक लागते.

वजन खरोखर अडले आहे का, हे आधी पाहावे. लोणचे-पापडाचे मीठ, पाळीपूर्वीचे दिवस, नुकताच सुरू केलेला व्यायाम यांमुळे अंगात एक-दोन किलो पाणी सहज धरले जाते. रोज सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, चहापूर्वी वजन करावे, सात दिवसांची सरासरी काढावी आणि सरासरीचीच तुलना करावी. पाळी चालू असलेल्यांनी मागच्या पाळीच्या त्याच आठवड्याशी तुलना करावी. सोबत कंबर मोजावी: शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून, पोट आत न ओढता. चार आठवडे सरासरीही हलली नाही आणि कंबरही, तरच अडले म्हणावे.

कंबरेवर भर देण्याचे कारण आपल्या शरीराच्या ठेवणीत आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनचे डॉ. जॉन युडकिन यांची तुलना २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाली. दोघांचाही बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) २२.३ होता, पण युडकिन यांच्या अंगात ९.१ टक्के चरबी होती आणि याज्ञिकांच्या २१.२ टक्के. भारतीयांसाठी कंबरेची मर्यादा पुरुषांना ९० आणि स्त्रियांना ८० सेंटिमीटर मानतात.

अडल्यावर जेवण हजार कॅलरींवर आणले, तर चरबीसोबत स्नायूही झिजतात, दिवसभराची हालचाल नकळत मंदावते आणि संध्याकाळी फरसाणाचा डबा उघडला जातो. त्याऐवजी प्रथिने वाढवावीत. दिवसाला ६० ग्रॅमच्या जवळ जाणे अवघड नाही (कंसातले आकडे प्रथिनांच्या ग्रॅमचे): सकाळी ५० ग्रॅम मुगाची धिरडी (१२), दुपारी वाटीभर मटकीची उसळ (७) आणि वाटीभर दही (५), संध्याकाळी मूठभर फुटाणे (६), रात्री ७५ ग्रॅम पनीर किंवा दोन अंडी (१२ ते १४), शिवाय दिवसभराचे चार फुलके आणि चहातले दूध मिळून १५. पातळ वरणाच्या वाटीत जेमतेम ३-४ ग्रॅम असतात, त्यावर विसंबू नये. मूत्रपिंडाचा आजार असेल तर डॉक्टरांना विचारूनच हे करावे.

चालणे चालू ठेवावे, पण स्नायू टिकवायला ओझे लागते. खुर्चीवरून हात न टेकता उठणे-बसणे, भिंतीला दंड, पाठीवर झोपून कंबर उचलणे, पाण्याच्या बाटल्या घेऊन हात वर नेणे: प्रत्येकी ८ ते १२ वेळा, तीन फेऱ्या, आठवड्यातून दोन-तीनदा, मध्ये एक दिवस सोडून. शेवटच्या दोन वेळा जड गेल्या पाहिजेत. सोपे वाटू लागले की छातीशी ५ किलो तांदळाची पिशवी धरून उठावे. ओझे न वाढवता वर्षभर तेच केले, की हा व्यायामही थांबलेलाच असतो.

एवढे करूनही वजन हलले नाही तर टीएसएच (थायरॉइडची रक्तचाचणी) तपासावे आणि चालू औषधे डॉक्टरांना दाखवावीत. मधुमेहावरची इन्सुलिन, ग्लिमेपिराइड, पायोग्लिटाझोन, तसेच स्टेरॉइड आणि अपस्मारावरचे व्हॅलप्रोएट यांनी वजन वाढू शकते. ती मनाने बंद करू नयेत. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड चालू असताना खाणे एकदम कमी केल्यास रक्तातली साखर धोकादायकरीत्या उतरू शकते, म्हणून आधी मात्रा ठरवून घ्यावी.

संपादकांना एक विनंती. पुरवणीतल्या पाककृतींत ‘तेल अंदाजे’, ‘तूप आवडीनुसार’, ‘कूट हवे तेवढे’ असे न छापता चमचे आणि ग्रॅम छापा, आणि पदार्थ किती जणांसाठी आहे तेही छापा. मीठ-मिरची चवीनुसार ठीक आहे.

– दोन आहारतज्ज्ञ, पुणे