'क्रॉसरोड्स' ऐकवणाऱ्या काकांना

प्रिय काका,

सप्रेम नमस्कार. तुमच्या घरच्या बैठकीत 'क्रॉसरोड्स' (म्हणजे चौक) हे गाणं ऐकलं, तेव्हापासून तुमचे आभार मानायचं मनात आहे. समोर बोललो असतो तर तुम्ही "असू दे रे" म्हणून दुसरी रेकॉर्ड लावली असती, म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितोय.

आधी तुम्ही क्रीम या ब्रिटिश रॉक बँडचं लावलंत, मार्च १९६८ मधलं, सॅन फ्रान्सिस्कोच्या विंटरलँड सभागृहातलं लाइव्ह. एरिक क्लॅप्टनची गिटार थांबली आणि जो तो अर्थ सांगू लागला. मध्यरात्री चौकात सैतानाला आत्मा विकून गिटार शिकलेल्या माणसाचं गाणं, असं बहुतेकांचं मत. कुणाला त्यात व्यसनाशी झगडा दिसला, कुणाला आयुष्यातला निर्णयाचा क्षण. तुम्ही कुणालाच खोडलं नाहीत. मग ब्लूज गायक रॉबर्ट जॉन्सनचं मूळ गाणं लावलंत, सॅन अँटोनियोच्या हॉटेलात नोव्हेंबर १९३६ मध्ये ध्वनिमुद्रित झालेलं, आणि हाताने शब्द उतरवलेली तुमची वही मधोमध ठेवलीत. "आधी यात काय आहे ते सांगा, मग अर्थ लावू."

वहीत सैतान कुठेच नव्हता. चौकात गुडघे टेकून एक माणूस देवाची करुणा भाकतोय. गाड्यांना हात करतोय, कुणी थांबत नाही, त्याला तिथे कुणी ओळखतही नाही. सूर्य बुडत चाललाय. माझ्या दोस्ताला, विली ब्राउनला, जाऊन सांगा म्हणतोय. त्याच गाण्याच्या दुसऱ्या टेकमध्ये, म्हणजे दुसऱ्यांदा केलेल्या ध्वनिमुद्रणात, तर स्पष्टच आहे: अंधार मला इथेच गाठणार.

सेकंड शिफ्ट करून रात्री एकट्या घरी परतणाऱ्या आपल्या ताई तेव्हा पहिल्यांदा बोलल्या. "याला गाडी मिळत नाहीये आणि अंधार पडतोय. हा घाबरलाय."

तुम्ही आवाज बंद केलात आणि जॉन्सनच्या राज्याची, अमेरिकेच्या दक्षिणेतल्या मिसिसिपीची, त्या काळची परिस्थिती सांगितलीत. अनोळखी गावाच्या रस्त्यावर रात्री सापडलेल्या काळ्या माणसाला उनाड ठरवून अटक करता येई, सक्तमजुरीला धाडता येई. जमावाच्या हाती लागला तर जीवच जायचा. हे कळल्यावर तीच रेकॉर्ड पुन्हा ऐकली, तेव्हा जॉन्सनचा आवाज वर चढताना अंगावर काटा आला. त्यासाठी तुमचे मनापासून आभार.

सैतानाशी झालेल्या सौद्याची कथा मुळात टॉमी जॉन्सन या दुसऱ्याच गायकाबद्दल त्याच्या भावाने सांगितलेली, हेही तुमच्याकडूनच कळलं. रॉबर्टला गिटार शिकवली आइक झिमरमनने, आणि दोघं रात्री कबरस्तानात बसून वाजवायचे, कारण तिथे कुणाची झोपमोड होत नसे. एवढा रियाज केलेल्या माणसाची विद्या सैतानाच्या नावावर जमा व्हावी, याचा मला खरंच राग येतो. १९३७ मध्ये त्याने सैतानावर गाणी केली आणि पुढच्याच वर्षी २७व्या वर्षी तो गेला. दंतकथेला तेवढं पुरलं असावं.

एका बाबतीत मात्र मी तुमच्याशी सहमत नाही. क्रीमच्या गाण्यातून भीती निघून गेली, असं तुम्ही म्हणालात. क्लॅप्टनने जॉन्सनच्याच दुसऱ्या गाण्यातलं रोझडेल या गावाला जाण्याचं कडवं यात आणलं, त्यामुळे चौकात अडकलेला माणूस एकदम सोबतीण घेऊन निघालेला दिसतो, हे खरं. पण जिंजर बेकरचे ड्रम्स आणि जॅक ब्रूसचा बेस ज्या वेगाने मागे लागतात, त्यात मला पळणारा माणूस ऐकू येतो. ताईंनाही तसंच वाटतं. पुढच्या बैठकीत जॉन्सनचे दोन्ही टेक आणि त्यामागोमाग क्रीम, असं सलग लावाल का? मग या मुद्द्यावर निवांत भांडू.

तुमचा,
बैठकीतला एक श्रोता