पोटातली इंजेक्शनं आणि मामाचा प्रश्न

तीर्थरूप आई-बाबा,
सा. नमस्कार.

फोनवर तुम्ही स्पीकर लावता, मामा मधेच बोलतो आणि माझं वाक्य काही पुरं होत नाही. म्हणून कागदावर लिहितेय. परवा तो म्हणाला, "पोरगी कॅथलॅबमध्ये, शिरेतून नळी घालतात तिथे, टेक्निशियन, लॅब खालच्याच मजल्यावर, आणि बापाला नुसती पोटात इंजेक्शनं! पैसे वाचवले काय?" बाबा, तुम्ही त्यावर गप्प राहिलात. ते मला जास्त लागलं.

गुडघा बदलून तुम्हाला सतराच दिवस झाले होते. डाव्या पोटरीच्या सुजेला तुम्ही "मुका मार" म्हणत होता. तिथल्या शिरेत गुठळी धरली, सुटली आणि हृदयाच्या उजव्या बाजूतून पुढे जाऊन फुप्फुसाच्या धमनीत अडकली. इकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, उजवा कप्पा फुगलेला होता, हृदयावरचा ताण दाखवणारं रक्तातलं ट्रोपोनिनही वाढलेलं. पण वरचं बीपी ११८ होतं, आणि सगळं त्यावर ठरलं. ते ९०च्या खाली जाऊन तिथेच राहिलं असतं, तर गुठळी तातडीने विरघळवावी किंवा काढावी लागली असती. मग मी स्वतः तुमची ट्रॉली ढकलत खाली नेली असती.

पोटातलं ते इंजेक्शन हेपॅरिनच्या जातीचं. गुठळी ते विरघळवत नाही, फक्त वाढू देत नाही. विरघळवण्याचं काम शरीर स्वतःच हळूहळू करतं. मामाला हे फुळकवणी वाटतं, पण १९६०मध्ये ब्रिस्टलच्या डॉक्टरांनी ते पडताळून पाहिलं होतं. औषध न दिलेल्या १९ जणांपैकी ५ जण फुप्फुसातल्या गुठळीने गेले. औषध दिलेल्या १६ जणांत गुठळीने एकही नाही. त्यानंतर कुणाला बिनऔषधाचं ठेवायची हिंमत त्यांना झाली नाही.

गुठळी विरघळवणारं जोरदार इंजेक्शन हातातल्या शिरेतूनही देता येतं. तुमच्यासारख्याच, म्हणजे बीपी टिकलेलं पण हृदयावर ताण आलेला, अशा हजारेक रुग्णांवर युरोपात त्याचा अभ्यास झाला. तो २०१४मध्ये छापून आला. बीपी कोसळणं कमी झालं, पण पक्षाघात शंभरात सुमारे २.४ जणांना झाला, नुसत्या हेपॅरिनवर ०.२ जणांना. त्यातले बहुतेक मेंदूतल्या रक्तस्रावाचे. तुमचं वय ७७, त्यात गुडघ्याची जखम ताजी. डॉक्टरांनी तो विषय दोन मिनिटांत मिटवला.

राहिलं कॅथेटर, म्हणजे माझं रोजचं काम. जांघेतल्या शिरेतून नळी घालून फुप्फुसापर्यंत जायचं. तिथे एकतर तेच औषध थोडंसं, थेंबाथेंबाने सोडायचं, नाहीतर गुठळी ओढून घ्यायची. ओढायची मोठी नळी आठ मिलिमीटरची असते, बॉलपेनाएवढी जाड. निघालेली गुठळी आम्ही गॉझवर पसरतो. काळपट, लांबट, जळूसारखी दिसते, आणि कधीकधी टेबलावरच माणसाचा श्वास मोकळा होतो. ते बघताना मलाही वाटतं की सगळ्यांचंच असं करावं. पण वाटणं वेगळं. २०२४च्या ५५० रुग्णांच्या अभ्यासात ओढून काढलेल्यांना आयसीयूची गरज कमी लागली, मृत्यूंत फरक नव्हता; आणि ती तुलनाही कॅथेटरची कॅथेटरशीच होती, ओढणाऱ्या नळीची औषध सोडणाऱ्या नळीशी. दुसऱ्या एका, १०० जणांच्या अभ्यासात नुसत्या औषधापेक्षा गुठळी ओढल्यावर हृदयाच्या उजव्या कप्प्याचा फुगवटा दोन दिवसांत जास्त उतरला. शंभर माणसांत जीव किती वाचले ते ठरत नाही. उलट जांघेत रक्तस्राव, क्वचित शिरेला किंवा हृदयाला इजा, हे मी टेबलाशी उभी राहून पाहिलंय.

म्हणून तुम्हाला वरच्या मजल्यावरच ठेवलं, इंजेक्शन चालू केलं आणि लॅब रात्रभर तयार ठेवली. बीपी घसरलं असतं तर नळी घालायचीच होती. पैसे वाचवले म्हणणाऱ्याला हे सांगा.

आई, बाबांच्या पोटावरचे जांभळे डाग आंबेहळदीने जाणार नाहीत, आपोआप पिवळे पडून जातील. अ‍ॅपिक्साबॅनची गोळी, तीही गुठळी वाढू न देणारीच, सकाळी आठ आणि रात्री आठ, निदान तीन महिने. बरं वाटतंय म्हणून स्वतःहून बंद करायची नाही. गुडघा दुखला तर पॅरासिटामॉल. कपाटातली डायक्लोफेनॅकची पट्टी टाकून दे, या गोळीबरोबर ती रक्तस्राव वाढवते. शौचाला काळी झाली, किंवा बाबा डोक्यावर पडले, तर मला फोन नंतर, आधी दवाखाना.

मामाला हे पत्र खुशाल वाचून दाखवा. फक्त इथून पुढचं नको. त्या रात्री अडीच वाजता मीच डॉक्टरांना दोनदा म्हटलं होतं, "सर, आत घेऊन टाकू या ना." ते काही बोलले नाहीत. त्यांनी बीपीचा पट्टा पुन्हा बांधला. ११६. मग मी तुमच्या पायाशी स्टूल ओढून बसले आणि पहाटेपर्यंत दर पंधरा मिनिटांनी तो आकडा तळहातावर पेनाने लिहीत राहिले.

तुमची,
चिऊ