प्रोबचा आकडा मानकाशी ताडून पाहा

संपादक महोदय,

विज्ञान प्रदर्शनांच्या बातम्यांत ‘पाण्यातला धातू चमकून दाखवणारे रसायन’ वरचेवर दिसते. धातू ओळखणाऱ्या अशा रसायनाला ‘प्रोब’ म्हणतात; रोडामाइन बी हायड्राझाइड हे त्यातले नेहमीचे. रंगहीन द्रावणात मोरचुदाच्या पाण्याचा थेंब पडला की तांब्यामुळे रेणूतले बंद कडे उघडते, द्रावण गुलाबी होते आणि अतिनील टॉर्चखाली नारिंगी चमकते. फोटो झकास येतो. पण निदान किती धातू असला तर तो दिसतो, हे बातमीत क्वचितच असते.

पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात (आयएस १०५००) तांब्याची स्वीकार्य मर्यादा लिटरला ०.०५ मिलिग्रॅम, म्हणजे सुमारे ०.८ मायक्रोमोलर (लिटरमागे मायक्रोमोल) आहे. शिशाची ०.०१ मिलिग्रॅम, म्हणजे जेमतेम ०.०५ मायक्रोमोलर. तेव्हा ‘१ मायक्रोमोलरपर्यंत शिसे ओळखतो’ असा प्रोब शिसे मर्यादेच्या वीसपट होईपर्यंत गप्पच बसणार. त्यात प्रोब विरघळावा म्हणून निम्मे ॲसिटोनायट्राइल हे सेंद्रिय द्रावक घातले की नमुनाही निम्मा पातळ होतो. हा दोनाचा गुणक अहवालातून हमखास गळतो.

निदान किती धातू दिसतो, हा आकडा काढणे अवघड नाही. प्रोबचे १ मिलिमोलर साठ्याचे द्रावण करून ३ मिलिलिटरच्या क्युव्हेटमध्ये (मोजणीच्या पारदर्शक नळीत) ३० मायक्रोलिटर घालावे; १० मायक्रोमोलर होते. धातू न घातलेल्या द्रावणाच्या चमकेची दहा वाचने घ्यावीत, त्यांच्या प्रमाण विचलनाची तिप्पट करून तिला धातूचे प्रमाण आणि चमक यांच्या आलेखाच्या चढाने भागावे. हे दहा कोरे नमुने टाळले की पुढचे सगळे अंदाजपंचे.

बफर, म्हणजे सामू स्थिर ठेवणारे द्रावण, निवडतानाही घोटाळे होतात. फॉस्फेट शिशाचा साका करून खाली बसवते, ट्रिस तांब्याला स्वतःच धरून ठेवते, ७.२ सामूचे १० मिलिमोलर हेपीस त्या मानाने निरुपद्रवी. नमुना टिकावा म्हणून नायट्रिक आम्ल घातले असेल, तर ते आधी उदासीन करायलाच हवे. नाहीतर धातूचा कण नसतानाही आम्लाने कडे उघडून पाणी गुलाबी होते. (लिंबू पिळूनही ही ‘तपासणी’ यशस्वी करता येईल!) काचेची भांडी १० टक्के नायट्रिक आम्लात रात्रभर बुडवून मग विआयनित (आयन काढून टाकलेल्या) पाण्याने खळखळून धुवावीत.

सरतेशेवटी धातूला घट्ट धरून प्रोबपासून ओढून घेणारे ईडीटीए घालून पाहावे. गुलाबी रंग गेला नाही, तर एक शक्यता अशी की तांब्याने प्रोबचे जलअपघटन करून सुटे रोडामाइन बी तयार केले आहे. असा प्रोब एकदाच चालतो. त्याला ‘पुन्हा वापरता येणारा सेन्सर’ म्हणू नये.

तांब्याच्या हंड्यात रात्रभर ठेवलेले पाणी सरावाला घ्यायला हरकत नाही. विहिरीच्या पाण्यातल्या शिशाचा निकाल मात्र ग्रॅफाइट फर्नेस एएएस किंवा आयसीपी-एमएस ही अत्यल्प धातू मोजणारी उपकरणे असलेल्या प्रयोगशाळेकडूनच घ्यावा.

— रसायनशास्त्राचे एक अध्यापक, पुणे