‘सी’ची तपासणी एकदा करून भागत नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

हिपॅटायटिस सी या यकृताच्या विषाणूजन्य आजाराबद्दल जे छापून येते त्यात दूषित रक्त, वापरलेल्या सुया, गोंदण आणि डायलिसिस ही कारणे हटकून असतात. लैंगिक संबंधांचा विषय ‘शक्यता कमी’ असे म्हणून मिटवला जातो. स्त्री-पुरुष जोडप्यांपुरते ते बरोबरही आहे. एचआयव्हीसह जगणाऱ्या समलिंगी पुरुषांना मात्र ते लागू पडत नाही, आणि हीच गोष्ट त्यांना कोणी सांगत नाही. साधारण २००० सालापासून लंडन, ॲम्स्टरडॅम, पॅरिस, बर्लिन या शहरांतल्या एचआयव्ही दवाखान्यांत, नशेची सुई कधीही न टोचलेल्या पुरुषांमध्ये या विषाणूची नवी लागण दिसू लागली. विषाणूंची जनुकीय रचना ताडून पाहिली तेव्हा वेगवेगळ्या देशांतले रुग्ण एकाच साखळीत जोडलेले निघाले.

असे का होते? हा विषाणू मुख्यतः रक्तातून पसरतो आणि त्यासाठी डोळ्यांना दिसेल एवढे रक्त लागत नाही. गुदाशयाचे आतले अस्तर पातळ असते. कंडोमशिवाय झालेला, वेळ लांबलेला किंवा जोराचा गुदमैथुन, मुठीने केलेला संभोग किंवा सिफिलिससारख्या गुप्तरोगाचे व्रण यांमुळे ते सोलवटते. वीर्यात आणि गुदाशयातील स्रावातही हा विषाणू सापडला आहे. त्यात एचआयव्ही असला की आतड्याच्या अस्तरातील प्रतिकार आधीच दुबळा झालेला असतो आणि रक्तातील ‘सी’चे प्रमाणही जास्त राहते.

अनेकजण एकत्र येतात तिथला वंगणाचा सामायिक डबा पाहा. एकाच्या शरीराला लागलेला हात पुन्हा त्या डब्यात जातो, बोटांवरचे न दिसणारे रक्त वंगणात मिसळते आणि तेच वंगण दुसऱ्याच्या शरीरात पोचते. हातमोजा घातलेला असला तरी माणूस बदलताना तो बदलला नाही तर त्याचा काही उपयोग नाही. म्हणून प्रत्येकाचे वंगण वेगळे हवे आणि दर माणसागणिक नवा हातमोजा व नवा कंडोम हवा. लैंगिक खेळण्यांवर चढवलेल्या कंडोमलाही हाच नियम. एनिमाची नळी ज्याची त्याने वापरावी. संबंधांआधी साबणाच्या पाण्याने किंवा वारंवार धुतल्यास अस्तर आणखी सोलवटते. तेलकट वंगणाने लॅटेक्सचा कंडोम फाटतो, तिथे पाण्याचे किंवा सिलिकॉनचे वंगण वापरावे.

संबंधांच्या वेळी नशा होत असेल तर धोका कैक पटींनी वाढतो. फक्त सुई वेगळी ठेवून चालत नाही. सिरिंज, चमचा, गाळणीचा कापूस, पाणी यांपैकी काहीही सामायिक नको. प्रयोगशाळेत सिरिंजमध्ये उरलेल्या रक्तात हा विषाणू ६३ दिवसांपर्यंत लागण करू शकेल अशा अवस्थेत आढळला आहे. नाकाने ओढायची नळीसुद्धा एकमेकांत फिरवू नये, कारण नाकातल्या बारीक रक्तस्रावाचा अंश तिच्यावर राहतो.

एक गैरसमज फार खोल रुजला आहे. एआरटी, म्हणजे एचआयव्हीवरच्या गोळ्या, नियमित घेऊन एचआयव्हीचा व्हायरल लोड, म्हणजे रक्तातील विषाणूचे प्रमाण, सापडेनासा झाला की लैंगिक संबंधांतून एचआयव्ही पुढे जात नाही, हे पूर्णपणे खरे आहे आणि ते ठासून सांगितलेच पाहिजे. पण त्या गोळ्यांचा ‘सी’च्या विषाणूवर काही परिणाम होत नाही. एचआयव्ही टाळण्यासाठी घेतल्या जाणाऱ्या प्रेपचेही तेच, त्यामुळे एचआयव्ही नसलेल्या प्रेप घेणाऱ्यांमध्येही ही लागण आता आढळते. हिपॅटायटिस ए आणि बी यांच्या लसी आहेत, त्या घ्याव्यात. ‘सी’ची लस नाही.

आता तपासणीकडे येतो, कारण सर्वांत जास्त चुका इथेच होतात. नव्या लागणीत बहुतेकांना काहीच जाणवत नाही, कावीळ थोड्यांनाच होते. एआरटी सुरू करताना ‘अँटी-एचसीव्ही’, म्हणजे ‘सी’विरुद्ध शरीराने बनवलेली अँटिबॉडी, तपासतात, निगेटिव्ह आली की ती नोंद फाइलमध्ये राहते आणि पुढची कित्येक वर्षे कोणी विचारत नाही. ही अँटिबॉडी तयार व्हायला सहसा ८ ते १२ आठवडे लागतात. सीडी फोर (प्रतिकारशक्तीच्या पेशींची संख्या) कमी असेल तर त्याहून पुष्कळ उशीर होतो, क्वचित ती तयारच होत नाही. प्रत्यक्ष विषाणू शोधणारी आरएनए चाचणी मात्र लागण झाल्यावर एक-दोन आठवड्यांतच पॉझिटिव्ह येते. म्हणून वर सांगितलेल्यांपैकी काही घडत असेल तर दर ३ ते ६ महिन्यांनी तपासणी हवी आणि एरवीही वर्षातून एकदा हवीच. मध्येच एसजीपीटी (यकृताला इजा झाली की रक्तात वाढणारे एन्झाइम) वाढलेले दिसले तर ‘गोळ्यांमुळे असेल’ म्हणून सोडून देऊ नये, त्याच आठवड्यात आरएनए तपासावे. एसजीपीटीची ही वाढ बरेचदा या लागणीची पहिली आणि एकमेव खूण असते.

उलट प्रकारची चूकही होते. अँटिबॉडी पॉझिटिव्ह आली म्हणजे आजार आज आहेच असे नाही. काहींच्या शरीरातून विषाणू आपोआप जातो, मात्र एचआयव्ही असलेल्यांत असे कमी वेळा घडते. उपचारांनी बरे झालेल्यांतही अँटिबॉडी सहसा कायम राहते. त्यामुळे एकदा बरे झालेल्या माणसाची पुन्हा अँटिबॉडी तपासणे म्हणजे निव्वळ पैसे वाया घालवणे. त्याला पुन्हा लागण झाली आहे का हे आरएनएच सांगेल. आणि पुन्हा लागण होऊ शकते. एकदा बरे झाल्याने संरक्षण मिळत नाही.

दोन्ही विषाणू एकत्र असले की यकृतावरचे व्रण लवकर वाढतात, म्हणून थांबून राहण्यात शहाणपण नाही. यकृताची अवस्था नेहमीच्या रक्ततपासणीवरूनही अंदाजता येते. वयाला एसजीओटीने (एसजीपीटीसारखेच दुसरे एन्झाइम) गुणायचे आणि प्लेटलेट गुणिले एसजीपीटीचे वर्गमूळ, याने भागायचे. प्लेटलेट हजारांत धरायच्या, म्हणजे दीड लाख असतील तर १५०. वय ४५, एसजीओटी ८०, एसजीपीटी ६४ आणि प्लेटलेट दीड लाख असतील तर उत्तर येते ३. हे फिब-४ सूत्र मुळात एचआयव्ही आणि ‘सी’ दोन्ही असलेल्या रुग्णांवरच बसवलेले आहे. १.४५ च्या खाली गंभीर व्रणांची शक्यता कमी, ३.२५ च्या वर बरीच जास्त, मधल्यांनी फायब्रोस्कॅन (यकृताचा कडकपणा मोजणारी तपासणी) करावे. लागण अगदी ताजी असताना एसजीओटी-एसजीपीटी उसळलेले असतात, तेव्हा हा आकडा फसवतो.

उपचार गोळ्यांचे आहेत. सोफोसबुविर-वेल्पाटासविरची एक गोळी रोज, १२ आठवडे. पूर्ण कोर्स केलेले ९५ टक्क्यांहून अधिक लोक बरे होतात, एचआयव्ही असला तरी. गडबड होते ती इतर औषधांशी. एचआयव्हीचे एफाविरेन्झ चालू असेल तर रक्तातील वेल्पाटासविर जवळपास निम्म्यावर येते, म्हणून ती जोडी टाळतात. एफाविरेन्झसोबत ‘सी’चे दुसरे औषध डॅक्लाटासविर वापरायचे झाल्यास ६० ऐवजी ९० मिलिग्रॅमचा डोस लागतो. एचआयव्हीच्या डोल्युटेग्राविरशी या औषधांचे भांडण नाही. क्षयाच्या उपचारातील रिफाम्पिसिन सोबत चालत नाही. आम्लपित्ताच्या गोळ्यांनी वेल्पाटासविर नीट शोषले जात नाही, आणि त्या गोळ्या रुग्ण स्वतःहून घेतात, सांगत नाहीत. उपचारांआधी हिपॅटायटिस बी तपासणे अत्यावश्यक आहे, कारण ‘सी’ गेल्यावर दबलेला ‘बी’ उसळू शकतो. एआरटीत ‘बी’वरही चालणारे टेनोफोविर असेल तर तो सहसा काबूत राहतो, म्हणूनच या काळात एआरटी परस्पर बदलू नये. शेवटची गोळी घेतल्यावर १२ आठवड्यांनी आरएनए निगेटिव्ह असेल तरच बरे झाल्याचे मानतात.

नेदरलँड्समध्ये २०१५ च्या अखेरीस ही औषधे यकृताची अवस्था न पाहता सर्वांना खुली झाली. एचआयव्हीसह जगणाऱ्या समलिंगी पुरुषांमधील नव्या लागणी २०१४ च्या तुलनेत २०१६ मध्ये निम्म्यावर आल्या. एकाचा उपचार वेळेत झाला की साखळीतला पुढचा माणूस वाचतो.

यासाठी एचआयव्ही दवाखान्यांनी दोन गोष्टी कराव्यात, असा आमचा आग्रह आहे. अँटिबॉडी पॉझिटिव्ह येताच त्याच रक्तनमुन्यातून आरएनए व्हावे, रुग्णाला दुसऱ्यांदा बोलावू नये, कारण त्या दोन फेऱ्यांच्या मध्येच माणसे गळतात. आणि संबंध कसे होतात, नशा होते का, हे दर भेटीत प्रत्येकाला सरळ शब्दांत, भुवई न उंचावता विचारावे. जिथे डॉक्टरांचा चेहरा बदलतो तिथे रुग्ण ‘तसलं काही नाही’ म्हणतो आणि तपासणी लिहिलीच जात नाही. बरे झालेल्यांनाही फाइल बंद करून घरी पाठवू नये. धोका चालू असेल तर त्यांचे आरएनए दर ३ ते ६ महिन्यांनी व्हावे. ज्यांना उपचारांआधीच सिरॉसिस (व्रणांनी यकृत निबर होणे) झाला होता त्यांची दर ६ महिन्यांची सोनोग्राफी विषाणू गेल्यानंतरही चालू राहिली पाहिजे, कारण यकृताच्या कर्करोगाचा धोका त्यांच्यात उरतोच.

आपले,
एचआयव्ही उपचार व समुपदेशनात काम करणारे कार्यकर्ते